ओसरीवरचं बालमंदिर

लग्न होऊन मी भूमला निघाले तेव्हा माझ्या सामानात एक लाकडी पेटी होती, आणि त्या पेटीपायी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आमची बैलगाडी बराच वेळ अडकून पडली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, भूम मोगलाईत, निजामाच्या राज्यात. मधल्या नाक्यावर प्रत्येक बोचकं सोडून दाखवावं लागे. शिपायानं पेटी उघडली. आत लाकडाचे गोल ठोकळे होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. बटणं लावायच्या कापडी चौकटी होत्या. मण्यांच्या माळा आणि दोन छोटे पितळी तांबे होते. त्यानं एक ठोकळा उचलून उलटासुलटा केला, वाजवून बघितला.

"ये क्या है?"

"लहान मुलांचं सामान आहे," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "बच्चे कितने?"

ह्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अंगावरची हळदसुद्धा अजून गेली नव्हती. शिपाई स्वतःच हसला आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. पुढं सगळा रस्ता हे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "पेटीला ओसरीवर जागा करू. आत घरात ओल धरते."

माझं लहानपण सोलापूरला मामांकडं गेलं. मामांच्या घराला लागून एक बालमंदिर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. मराठी सातवी झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली मदतीला जायला लागले. पहिल्या दिवशी एक मुलगा चौकटीची बटणं लावत होता, एक बटण त्याला काही केल्या जमत नव्हतं. मी वाकून लावून दिलं. मुलगा उठून निघून गेला. ताईंनी मला बाजूला घेतलं. "त्याचं काम तू काढून घेतलंस," त्या म्हणाल्या. "मुलाच्या पुढ्यात काम ठेवायचं आणि आपण मागं सरायचं. एवढंच आहे. पण ते लई अवघड आहे." मला ते खरंच अवघड गेलं. हात आपोआप पुढं जायचे. पाठीमागं हात बांधून उभं राहायची सवय मी तिथं लावून घेतली, ती आजही आहे.

सासरी आल्यावर वर्षभरानं मी ओसरीवर बालमंदिर सुरू केलं. हे तहसील कचेरीत कारकून होते, दिवसभर घरात मी एकटी. पहिलं मूल आलं ते शेजारणीचं. शेजारीण माझ्याच वयाची, शेतात राबणारी, बोलायला फटकळ. तिचा लेक चार वर्षांचा. शेतात नेला तर बांधावरून पळायचा, घरात ठेवला तर चुलीत हात घालायचा. "वैनी, कायबी करा, पर ह्याला दुपारपातुर धरून ठेवा," ती म्हणाली. मी म्हणाले, "धरून नाही ठेवणार. पण तो राहील."

तो राहिला. तांब्यातून तांब्यात पाणी ओतायचं काम त्यानं पहिल्याच दिवशी उचललं आणि सोडेचना. दुपारी शेजारीण न्यायला आली, तर ओसरी ओली, लेक ओला. ती तिथंच थबकली.

"आमी डोईवर घागरी घेऊन आडावर रांगा लावायच्या, अन् तुमी पोरांना पाणी सांडाया देता व्हय?"

सोलापूरच्या बालमंदिरात नळ होता. इथं उन्हाळ्यात आडाचा तळ दिसायचा. दुसऱ्या दिवशी मी नदीच्या कोरड्या पात्रातून बारीक वाळू आणली, चाळली, धुतली नाही. तांबे तेच, आत वाळू. शेजारीण बघायला आली, वाळूत बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता सांडा म्हणावं किती सांडायचं ते." त्या दिवसापासून आमचं मैत्र जमलं. तिनंच गल्लीतल्या बाकीच्या बायकांना गोळा करून आणलं. सोनाराचा मुलगा आला, कोष्ट्याच्या दोन मुली आल्या, आणखी चारदोन आले. ओसरी भरून गेली.

त्या राज्यात खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे, आणि ती सहसा मिळत नसे. कुणीतरी वर कळवलं असावं. एक दिवस शिक्षण खात्याचे साहेब आले. शेरवानी, बोलणं मऊ. दारातच जोडे काढून आत आले आणि खांबाला टेकून बराच वेळ नुसते बघत राहिले. हे कचेरीतून धावत आले होते, दाराशी घामाघूम उभे.

"कुठली जबान शिकवता?" साहेबांनी मला विचारलं.

"अजून कुठलीच नाही. आधी हात शिकताहेत."

"अक्षरं नाहीत? हिसाब नाही?"

"मुलं मागतील तेव्हा."

साहेब हसले. "मग हा मदरसा नव्हेच," ते ह्यांना म्हणाले, "परवानगीचा सवाल येत नाही." जाताना त्यांनी एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही सुटलो. पण शाळा नव्हेच, हा शब्द मला बोचला. कारण गावातले बापही हळूहळू तेच म्हणायला लागले होते.

याच सुमारास बांगडीवाल्याची बायको माझ्याकडं आली. ते मुसलमान कुटुंब आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचं. नवरा भूम, वाशी, तेरखेड्याचे बाजार करायचा, बायको घरोघर जाऊन बांगड्या भरायची. लग्नातल्या माझ्या बांगड्या वाढवल्या तेव्हा नवीन तिनंच भरल्या होत्या. मी तिला भाभी म्हणायचे. तिच्या पदराआड एक मुलगी होती, पाच वर्षांची असेल.

"बाई, हिला जबान हाय, पर बोलत न्हाय," भाभी म्हणाली. "ऐकतीया सगळं. हकीम झाला, दर्गा झाला. लोक म्हनत्यात मुकी हाय. मुकी न्हाय, झोपंत बोलती. तुमच्याकडं बसू द्या. कायबी शिकवू नका, नुसती बसू द्या."

मी म्हणाले, "माझ्याकडं तेच करतात."

मुलगी भिंतीला पाठ लावून बसायची आणि बघायची. कशाला हात लावायची नाही. एखादं मूल जवळ गेलं तर गुडघ्यात तोंड घालायची. मी तिच्यापासून थोड्या अंतरावर एक एक वस्तू ठेवून बघितली आणि मागं सरले. काही नाही. मग भाभीनंच एकदा जोड मोडलेल्या बांगड्यांची टोपली आणून दिली. एक फुटली की तिची जोडीदार विकायच्या कामाची राहत नाही. तसल्या, सगळ्या मापांच्या, सगळ्या रंगांच्या. मी सुताराकडून एक उभी खुंटी करून घेतली. घरातली ओळखीची वस्तू बघून मुलगी पुढं सरकली. मोठी बांगडी खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. पूर्ण झालं की सगळ्या काढायची आणि पुन्हा. तिचा श्वास ऐकू यायचा, एवढी गुंगायची. असं पावसाळा संपेपर्यंत चाललं.

मग एका सकाळी शेजारणीचा लेक तिच्या शेजारी वाळू ओतत होता. त्याचा हात हलला आणि वाळू चटईवर पडली.

"सांडलं," मुलगी म्हणाली.

स्वच्छ, मोठ्यानं. ओसरीवर मी सोडून कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. मुलगा म्हणाला, "व्हय की." दोघांनी मिळून वाळू भरली. मी हात मागं बांधून उभी होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. धावत जाऊन तिला उचलून घ्यावं असं वाटत होतं. घेतलं असतं तर ती पुन्हा मिटली असती. दुपारी भाभी आली तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. घरी जाताना मुलगी वाटेत बोलेल, तो आनंद आईचा आईलाच मिळू दे म्हटलं. थोड्या वेळानं भाभी तशीच अनवाणी परत आली, दारात बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

त्यानंतरची दोनेक वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली. मुलगी मराठी आणि दखनी मिसळून बोलायची, शेजारणीचा लेक तिचं ऐकून दखनी बोलायचा, आणि त्याची आई हसून लोळायची.

पण ओसरीवरून मुलं मोठ्या शाळेत जायला लागली तशी मला पहिली भीती वाटली. सोनाराचा मुलगा आधी गेला. पहिल्याच दिवशी पाटी भरली म्हणून तो उठला आणि कोपऱ्यातलं फडकं आणायला निघाला. आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नसे. मास्तरांनी त्याला छडीनं बडवलं. त्यानं विचारलं, "का मारलं?" म्हणून पुन्हा बडवलं. पुढच्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं की तो चड्डी ओली करायचा.

मी मास्तरांना भेटले. ते वाईट नव्हते. दोन इयत्ता एका खोलीत, एकच मास्तर. थकल्या आवाजात म्हणाले, "बाई, बाकीची पोरं घरूनच मार खाऊन येतात, त्यांना छडीचं काही वाटत नाही. तुमची पोरं का म्हणून विचारतात. तुम्ही त्यांचं भलं करता की वाईट, तुम्हीच सांगा."

परत येताना सारखं तेच मनात येत होतं. ओसरीच्या दोन पायऱ्यांखाली माझं काही चालत नव्हतं. मी मुलांना ज्या जगासाठी वाढवत होते ते जग तिथं नव्हतंच.

मग देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही. बार्शीला झेंडे लागले, आमच्याकडं झेंडा काढणाऱ्याला धरून नेत. त्या वर्षी गावोगाव निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. कडब्याच्या गंजी पेटायच्या, वाड्या लुटल्या जायच्या. रोज कुणी ना कुणी बाडबिस्तरा बांधून हद्दीपलीकडं जायचं. ओसरीवरची मुलं कमी होत गेली. शेजारणीचा सख्खा भाऊ बैल घेऊन बार्शीकडं निघाला होता. रस्त्यात गाठून त्याला मारलं. बैल तेवढे परत आले. शेजारीण त्या दिवशी रडली नाही. बैलांना पाणी दाखवलं आणि गोठ्यात बसून राहिली.

आम्हीही निघालो. हे कचेरीतून रजा घेऊन आले. गाडीत पेटीला जागा उरली नाही. भाभी म्हणाली, "ठेवून जा बाई. म्या बघते. पुन्हा येशीलच की." मुलगी दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "उद्या शाळा न्हाय?" मी म्हणाले, "थोडे दिवस नाही." गाडी हलली तशी ती मागून गल्लीच्या टोकापर्यंत चालत आली.

बार्शीजवळच्या छावणीत आम्ही बरेच महिने काढले, शेजारीणही लेकाला घेऊन तिथंच आली होती. शेकडो मुलं होती तिथं, धुळीत मोकाट. मला वाटलं, इथं काहीतरी करावं. पण मुलांना एकच खेळ सुचायचा. निम्मी टोळी व्हायची, निम्मी पळायची. काठ्या म्हणजे बंदुका. पकडलेल्याला झोपवून वरून पालापाचोळा टाकायचा आणि तोंडानं आगीचा आवाज काढायचा. ताई म्हणायच्या, मूल खेळतं तेव्हा ते काम करत असतं, त्याला अडवू नये. मी तिथं उभी राहून ते काम बघायचे. शेजारणीचा लेक नेहमी टोळीत असायचा.

पुढं हिंदुस्थानची फौज आली, आठवड्याच्या आत सगळं उरकलं, निजामाचं राज्य गेलं. छावणीत पेढे वाटले. आम्ही परत निघालो तेव्हा मला वाटत होतं की आता सगळं पूर्ववत होईल. वाटेतल्या गावांत जळलेली घरं दिसत होती. काही वर्षभरापूर्वीची, काळी पडलेली. काहींतून अजून धूर येत होता. आधीची कुणाची आणि आताची कुणाची हे विचारायची गरज नव्हती.

बांगडीवाल्याच्या घराला दार नव्हतं. ओट्यावर काचेचा चुरा पसरलेला, उन्हात चमकत होता. बांगडीवाल्याला घरातून ओढून नेलं होतं. नेणारे आसपासच्या गावांचे, त्याच्याकडून बाजारात बांगड्या घेणारे. मुलगी तेव्हा धान्याच्या कणगीमागं होती. तिनं किती बघितलं हे भाभीलाही माहीत नव्हतं. आमची पेटी मात्र आमच्या घरात, होती तिथंच होती.

मी ओसरी सारवली आणि सामान मांडलं. भाभीकडं जाऊन म्हणाले, "उद्यापासून पाठव." भाभी म्हणाली, "येऊ देतील?"

मुलगी आली. भिंतीला पाठ लावून बसली. तिचं बोलणं गेलं होतं. शेजारणीचा लेकही आला, कोष्ट्याच्या मुली आल्या. दुपारी शेजारीण न्यायला आली आणि पायरीवरच थांबली.

"वैनी, ही हितं कशाला?"

"पहिल्यापासून आहे की."

"पहिलं ऱ्हायलं का काय आता?" तिचा आवाज फुटला. "माझ्या भावाला कुनी मारलं?"

"या पोरीनं नाही मारलं."

ती मुलीकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "व्हय. पोरीनं न्हाय मारलं. मला बी कळतंय. पर हिचं तोंड बगितलं की मला त्यो रस्ता दिसतो. म्या काय करू, सांगा."

तिनं लेकाचा हात धरला. तो जायला तयार नव्हता, वाळूचा तांबा त्याच्या हातात होता. तिनं तो तांबा काढून अलगद खाली ठेवला आणि त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कोष्ट्याच्या मुली आल्या नाहीत. कुणी तोंडावर भांडलं नाही. एकेक जण येऊन सांगून गेला. आता सरकारी शाळा निघणार आहे, पोराला बरं नाही, आजी एकटी पडते. एकजण स्पष्ट बोलला, "तिला काढा, आमची उद्या पाठवतो."

हे रात्री जेवताना म्हणाले, "तू ठरव. मी काही म्हणणार नाही." मी ठरवायला फार वेळ घेतला नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्या मुलीला उठवून घरी पाठवायचं आणि बाकीच्यांना मण्यांच्या माळा द्यायच्या, हे माझ्या हातून झालं नसतं इतकंच.

मग ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. ती रोज यायची. आली की फळीवरचे लाकडी ठोकळे एकेक करून उचलायची, चटई उचलून खाली सरकवायची आणि सगळे लपवून झाले की त्या चटईवर बसायची. दुपारपर्यंत तशीच. बाहेर कुणी मोठ्यानं बोललं की दोन्ही हात चटईवर दाबून धरायची. मी बघत राहायचे. अडवायचं नाही, तिचं काम आहे, पूर्ण झालं की ती आपणहून उठेल, असं स्वतःला सांगायचे. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडे गेले, थंडी सरली, तेच. तिच्याजवळ बसून मी एकदा तिचं नाव घेतलं, तर ती माझ्यापासून लांब सरकली.

ताईंनी शिकवलेलं सगळं मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. त्यात या मुलीसाठी काही नव्हतं. मुलासमोर काम ठेवा. कुठलं ठेवायचं? मागं सरा. सगळं गावच तिच्यापासून मागं सरलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला भाभी निरोप घ्यायला आली. तिचा भाऊ हैदराबादेत होता, त्याच्याकडं चालली होती. तिच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. पायरीवर बसून तिनं विचारलं, "बाई, तुमच्याकडं हिची जबान खुलली होती. तवा काय केलं होतं तुमी? मला सांगा. तिकडं म्या करते."

"मी काही केलं नव्हतं, भाभी."

तिला वाटलं मी लपवतेय. "सांगा की," ती पुन्हा म्हणाली.

मी तिला काय सांगणार होते? तेव्हा ओसरी होती, शेजारी एक मुलगा वाळू ओतत होता, घरी बाप होता, आणि मुलीला कशाची घाई नव्हती. मी म्हणाले, "तिला मारू नको. आणि बोल बोल म्हणून मागं लागू नको." भाभीनं मान हलवली. एवढंच ना, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

येडशीला त्यांना रेल्वे धरायची होती. भाड्याची बैलगाडी मिळाली नाही, एका ओळखीच्या माणसाच्या छोट्या खाचरगाडीत बसून गेल्या. मुलीनं मागं वळून बघितलं नाही. पुढं हैदराबादेहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की भाभी कुठल्याशा घरी धुणीभांडी करते आणि मुलगी तिच्याबरोबर असते, अंगणात बसून राहते. बोलते का, विचारलं. म्हणाला, ऐकलं नाही. त्यानंतर काहीच कळलं नाही.

शेजारणीनं माझ्याशी बोलणं टाकलं नाही. मीही नाही. पण ती पुन्हा पायरी चढली नाही. तिचा लेक त्याच शाळेत गेला, छडी खायला शिकला आणि पुढं वर्गात सगळ्यांत दांडगा म्हणून नाव काढलं.

मी ओसरीवर पुन्हा मुलं बसवली नाहीत. नवं सरकार आलं, बालवाड्या निघाल्या, मला दोनदा बोलावणं आलं. एकदा बघायला गेले. मुलं ओळीनं बसून एका सुरात आकडे म्हणत होती. बाई तरुण होत्या, उत्साही होत्या. एक लहान मुलगी आकडे न म्हणता खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी तिच्या पाठीत हलकेच चापट मारली आणि माझ्याकडं बघून हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला पूर्वीचा अनुभव आहे म्हणे. काही सुचवायचंय का?"

मी नाही म्हणाले आणि घरी आले.